पेमेंटच्या टेस्ट कधी हिरव्या, कधी लाल: पुन्हा चालवण्याआधी काय तपासावं

रात्री आपोआप चाललेल्या टेस्टमध्ये पेमेंटची एखादी टेस्ट लाल होते, म्हणजे नापास होते. सकाळी कोणीतरी पाइपलाइन (सगळ्या टेस्ट ओळीने चालवणारी व्यवस्था) पुन्हा चालवतं, सगळं हिरवं होतं आणि जो तो आपल्या कामाला लागतो. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, फक्त लाल झालेली टेस्ट दुसरी असते. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

आम्ही गोव्यात पर्वरीत बसून अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, एका देवस्थानाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. अभिषेक, लघुरुद्र अशा सेवांच्या पावत्या आणि अग्रशाळेतल्या, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासातल्या, खोल्यांचं आरक्षण, असं त्याचं काम. जत्रा जवळ आली की मुंबईचे, पुण्याचे, कारवारचे कुळावी (देवस्थानाशी कुळाने जोडलेले भक्त) एकाच वेळी खोल्या धरायला बघतात. त्या दिवसांत कोणाचे पैसे गेले आणि पावती आली नाही, तर फोन जातो देवस्थानच्या कचेरीत, आणि उत्तर द्यावं लागतं तिथल्या कारकुनाला. म्हणून या बाबतीत माझं मत ठाम आहे: पेमेंटची टेस्ट अधूनमधून लाल होत असेल, तर बहुतेक वेळा ती खरं सांगत असते. टेस्टमध्ये जे अधूनमधून घडतं, ते गर्दीच्या दिवशी खऱ्या माणसांच्या खऱ्या पैशांबाबत घडणारच. पुन्हा चालवून हिरवी केलेली टेस्ट तो इशारा पुसून टाकते.

आधी पुरावा जपा

पुन्हा चालवण्याचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी हाती हव्यात: ऑर्डर आयडी, गेटवेने (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीच्या सेवेने) दिलेला पेमेंट आयडी, वेबहुक, म्हणजे गेटवेकडून थेट येणारी सूचना, आमच्या सर्व्हरवर पोचल्याची वेळ, आणि त्या क्षणी डेटाबेसमध्ये त्या ऑर्डरची नोंद कशी होती ते. टेस्ट संपल्यावर डेटाबेस पुसणारी व्यवस्था असेल, तर अपयशी टेस्टपुरती ती बंद ठेवा.

प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारं साधन) वापरत असाल तर ट्रेसची, म्हणजे टेस्टच्या पायरीपायरीच्या नोंदीची, सेटिंग बघा. नवीन प्रोजेक्ट तयार करताना तिथे 'पहिल्या रिट्रायला ट्रेस घ्या' असं लिहिलेलं येतं. रिट्राय म्हणजे पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं. म्हणजे जी धाव फसली तिचा ट्रेस मिळतच नाही, तिच्यानंतरच्या धावेचा मिळतो, आणि ती तर पास झालेली असते! अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी 'अपयशी ठरली तर ट्रेस ठेवा' ही सेटिंग हवी. रिट्रायवर पास झालेल्या टेस्टना प्लेराइट 'फ्लेकी' (अस्थिर) असा शिक्का मारतं आणि एकूण रन, म्हणजे टेस्टची ती फेरी, पास धरतं. फ्लेकी टेस्ट निघाली तर रन अपयशी ठरवण्याची सोयही त्यात आहे. बाकीच्या टेस्टचं काय करायचं ते टीमने ठरवावं, पेमेंटच्या टेस्टना मात्र ती लावाच.

पुरावा मिळाला की पहिला प्रश्न असा: गेटवेच्या टेस्ट डॅशबोर्डवर ते पेमेंट कसं दिसतं? तिथे यशस्वी आणि आपल्याकडे अपूर्ण, तर दोष परतीच्या वाटेवर आहे. तिथे पेमेंटच नसेल, तर आपण तिथवर पोचलोच नाही. तिथेही मध्येच लटकलेलं असेल, तर गेटवेचं पान किंवा ओटीपीची पायरी तपासा. या एका प्रश्नाने शोधाची दिशा ठरते, आणि बहुतेक वेळा ती दिशा वेबहुककडे जाते.

परतीची वाट: वेबहुक

पेमेंट झाल्याची बातमी दोन वाटांनी येते. एक, ब्राउझर गेटवेच्या पानावरून आपल्या पानावर परततो. दुसरी, गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट कळवतो, तो वेबहुक. यातली कुठली बातमी आधी पोचेल याची हमी नाही. ब्राउझर कधी परततच नाही, कारण यूपीआय ॲपमध्ये पिन टाकल्यावर माणूस फोन खिशात घालतो. वेबहुक उशिरा येऊ शकतो, दोनदा येऊ शकतो, उलट्या क्रमाने येऊ शकतो. गेटवेच्या कागदपत्रांत हे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं: सूचना किमान एकदा मिळेल. एकदाच मिळेल, असं कोणी लिहून देत नाही.

आता आपली टेस्ट काय करते? 'पैसे द्या' दाबते, पाच सेकंद थांबते आणि पडद्यावर 'पावती तयार' हे शब्द शोधते. वेबहुक तीन सेकंदांत आला तर हिरवी, सातव्या सेकंदाला आला तर लाल. पाचाचे दहा केले की लाल होण्याचं प्रमाण घटतं, टेस्ट सगळ्याच हळू होतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. ठरावीक सेकंद थांबणं पेमेंटच्या टेस्टमधून पूर्ण काढून टाका. त्याऐवजी त्याच ऑर्डरची स्थिती आपल्याच सर्व्हरला दर दोन सेकंदांनी विचारा, वरची मर्यादा दीड मिनिटाची ठेवा, आणि मर्यादा संपली तर शेवटची दिसलेली स्थिती अपयशाच्या संदेशात छापा. 'टाइमआउट' एवढंच लिहिलेला संदेश वाचून कोणालाच काही कळत नाही. 'ऑर्डर अजून प्रलंबित, वेबहुक आलेला नाही' हे वाचलं की पुढचं पाऊल उमगतं.

एवढ्याने टेस्ट स्थिर होते, पण सॉफ्टवेअर सुधारत नाही. खरे दोष शोधायचे तर उशीर, दुहेरी सूचना आणि उलटा क्रम आपणच मुद्दाम घडवावे लागतात. गेटवे टेस्ट मोडसाठी (खरे पैसे न हलवता पेमेंट करून बघण्यासाठी) नमुन्याची कार्डं आणि यूपीआय आयडी देतात, त्यांनी यश आणि अपयश घडवता येतं. हा गोंधळ मात्र त्यांनी घडत नाही. त्यासाठी गेटवेच्या जागी स्वतःचा छोटा स्टब सर्व्हर, म्हणजे गेटवेचं सोंग घेणारा सर्व्हर, उभा करा. आपण सांगू त्या वेळी, त्या क्रमाने, तितक्यांदा तो वेबहुक पाठवील. आमच्या मते पुढच्या प्रसंगांच्या टेस्ट वगळता येण्यासारख्या नाहीत.

पहिला, एकच सूचना दोनदा. प्रत्येक सूचनेला गेटवे बहुधा वेगळा इव्हेंट आयडी देतो, आणि तीच सूचना पुन्हा आली तर आयडी तोच असतो. तो एका टेबलमध्ये युनिक कन्स्ट्रेंटसह (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणाऱ्या अटीसह) लिहा. आधीच असेल तर दोनशेचं, म्हणजे 'मिळालं' असं, उत्तर देऊन थांबा. ही नोंद आणि पावती तयार करणं हे दोन्ही डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये हवं, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. नाहीतर नोंद झाली, मध्येच सर्व्हर पडला, गेटवेने पुन्हा कळवलं आणि आपण 'हे तर आधीच झालंय' म्हणून परत पाठवलं, अशी अवस्था होते. पैसे आले, पावती कायमची हुकली.

दुसरा, ब्राउझरचं परतणं आणि वेबहुक अगदी एकाच क्षणी. दोन्ही विचारतात, 'पावती आहे का?' दोघांनाही 'नाही' असं उत्तर मिळतं आणि दोघंही पावती फाडतात. एका पेमेंटच्या दोन पावत्या, तेही लागोपाठच्या क्रमांकांच्या. वर्षअखेरीस हिशेब तपासताना खजिनदारांना याचा केवढा ताप होतो! कोडमधल्या 'जर नसेल तर' या अटीवर विसंबू नका. पावतीच्या टेबलमध्ये पेमेंट आयडी युनिक करा आणि स्टबकडून दोन्ही विनंत्या एकदम सोडणारी टेस्ट लिहा.

तिसरा प्रसंग सगळ्यात घातक, आणि याची टेस्ट फारच थोड्या ठिकाणी आढळते. एका ऑर्डरसाठी माणूस अनेकदा प्रयत्न करू शकतो. समजा, पहिला प्रयत्न यूपीआयने केला, तो लटकला. कंटाळून त्याने कार्डाने पैसे भरले, ते यशस्वी झाले. त्यानंतर पहिल्या प्रयत्नाची 'अयशस्वी' ही सूचना आली. 'शेवटी आलेल्या सूचनेत जे असेल ती ऑर्डरची स्थिती' असं तुमचं कोड समजत असेल, तर पैसे भरलेली ऑर्डर अयशस्वी होते, खोली मोकळी होते आणि ती दुसऱ्या कुटुंबाला मिळते. सामान घेऊन अग्रशाळेच्या दारात दोन कुटुंबं उभी राहतात. उपाय असा: प्रत्येक प्रयत्नाची स्थिती वेगळी साठवा आणि ऑर्डरची स्थिती त्या सगळ्यांवरून काढा. एकही प्रयत्न यशस्वी असेल तर ऑर्डर भरलेली. आणखी खात्री हवी असेल तर सूचना आल्यावर गेटवेला त्या ऑर्डरची ताजी स्थिती विचारा. वेबहुकला फक्त 'बघ, काहीतरी बदललंय' अशी हाक समजा.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही तपासा: लटकलेला पहिला प्रयत्न 'अयशस्वी' न होता उशिराने यशस्वी झाला तर? आता एका खोलीचे दोनदा पैसे आलेत. दुसऱ्या रकमेचा परतावा आपोआप सुरू होतो का, आणि एकदाच होतो का, याची टेस्ट हवी. तसंच खोली दहा मिनिटं राखून ठेवता आणि पैसे बाराव्या मिनिटाला आले, तर काय? हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये. परतावा द्यायचा की दुसरी खोली, हे देवस्थान समितीला विचारून लिहून घ्या, मग टेस्ट लिहा.

वेबहुकबाबत एक साधं कारणही डोकं खातं. टेस्ट मोडमध्ये नोंदवलेला वेबहुकचा पत्ता बहुधा सगळ्यांचा मिळून एकच असतो. दोघांच्या ब्रँचच्या (कोडच्या वेगवेगळ्या प्रतींच्या) टेस्ट एकाच वेळी चालल्या तर एकाच्या ऑर्डरची बातमी दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. तिथे ती ऑर्डर नसते, सर्व्हर पाचशेची चूक, म्हणजे 'माझ्याकडे बिघाड' असं उत्तर, परत करतो, गेटवे पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. ऑर्डरच्या नोट्समध्ये रनचा आयडी घाला आणि मध्ये एक छोटा वाटाड्या सर्व्हर ठेवा, जो बातमी योग्य ठिकाणी पोचवील.

नाव मराठीत असलं की सही जुळत नाही

हा दोष आपल्याकडच्या साइटना जास्त गाठतो, म्हणून सविस्तर लिहितो. वेबहुकसोबत गेटवे एक सही पाठवतो, बहुधा एचमॅक एसएचए-२५६ पद्धतीची. आलेल्या मजकुराच्या बाइट आणि गुप्त की यांवरून आपण तीच सही काढायची आणि ताडून बघायची. मजकूर जसाच्या तसा हवा, एक बाइटही इकडचा तिकडे झाला तर सही जुळत नाही.

पुष्कळ ठिकाणी फ्रेमवर्क (ज्यावर साइट बांधली ते तयार कोड) आलेला जेसन, म्हणजे माहिती पाठवण्याच्या ठरलेल्या मांडणीतला मजकूर, आधीच उलगडून देतं. मग कोड तो पुन्हा जेसनमध्ये बांधतं आणि त्यावर सही काढतं. पीएचपीतलं जेसन बांधणारं फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, देवनागरी अक्षरांच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंकी कोड लिहितं. तिरक्या रेघेआधीही ते उलटी रेघ जोडतं. गेटवेने मूळ मजकूर यूटीएफ-८ अक्षरांत, म्हणजे देवनागरी देवनागरीच ठेवून, पाठवला असेल, तर रोमन नावाच्या भक्ताची सही जुळते आणि 'संकल्प: सहकुटुंब' लिहिणाऱ्याची जुळत नाही. टेस्टमध्ये नमुन्याची नावं यादृच्छिक निवडली जात असतील, तर ज्या रात्री देवनागरी नाव येईल त्या रात्री टेस्ट लाल. सकाळी पुन्हा चालवली, रोमन नाव आलं, हिरवी. टेस्ट अस्थिर आहे असं सगळे म्हणतात, आणि खऱ्या साइटवर मराठीत नाव लिहिणाऱ्यांच्या पावत्या अडकत राहतात.

सही नेहमी कच्च्या मजकुरावरच काढा, उलगडण्याआधी. यादृच्छिक डेटाचा सीड (ज्या आकड्यावरून निवड सुरू होते तो) प्रत्येक रनमध्ये छापा, म्हणजे तेच नाव पुन्हा आणता येईल. आणि जोडाक्षरं, नुक्ता, अवतरणचिन्ह, तिरकी रेघ असलेली काही नावं कायमची टेस्टमध्ये ठेवा.

रात्रीच का?

टेस्ट फक्त रात्री पडत असतील आणि सकाळी न चुकता पास होत असतील, तर घड्याळ बघा. क्लाउडवरची पाइपलाइनची मशीनं साधारणपणे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीमध्ये आदलीच तारीख असते. रात्री दोनला चाललेली टेस्ट 'आजची खोली' मागते, ब्राउझर एक तारीख धरतो, सर्व्हर दुसरी. आरक्षण 'कालच्या' तारखेचं म्हणून नाकारलं जातं. सकाळी नऊला दोन्ही तारखा एकच असतात.

प्लेराइटमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा देता येतो, पण त्याने फक्त ब्राउझरचा टाइमझोन बदलतो. सर्व्हर आणि डेटाबेसचा वेगळा ठरवावा लागतो. वेळ यूटीसीतच साठवा, तारीख मात्र भारतीय वेळेवरून काढा. एक टेस्ट १ एप्रिलच्या पहाटे दोनची वेळ गोठवून लिहाच. आर्थिक वर्ष मध्यरात्री बदलतं आणि पावत्यांचे क्रमांक नव्याने सुरू होतात. कोड यूटीसीवरून वर्ष ठरवत असेल, तर पहाटे साडेपाचपर्यंतच्या पावत्या गेल्या वर्षात जाऊन बसतात.

किरकोळ वाटणारी बाकीची कारणं

गेटवेचा चेकआउट (पैसे भरण्याचा भाग) बहुधा आयफ्रेममध्ये, म्हणजे आपल्या पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात, उघडतो. बटण 'सापडत नाही' असं आलं तर आधी फ्रेम निवडली आहे का बघा, आणि फ्रेम पूर्ण लोड होण्याची वाट बघा. गेटवे आपल्या पानाची रचना न सांगता बदलू शकतो, म्हणून त्या पानावरून जाणाऱ्या टेस्ट मोजक्याच ठेवा: एक कार्डाची, एक यूपीआयची, एक रद्द केलेल्या पेमेंटची. बाकी सगळ्या स्टबवर.

रक्कम पैशांत पाठवायची असेल तर रुपयांना शंभरने गुणणं जावास्क्रिप्टमध्ये धोक्याचं आहे. ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, दशांश कापला की ४३४. एक पैसा कमी पडला आणि गेटवेची रक्कम पावतीच्या रकमेशी जुळली नाही. सुरुवातीपासून सगळीकडे पूर्णांकात पैसे ठेवा.

प्लेराइट टेस्टमध्ये भाषा-प्रदेशाची मूळ सेटिंग अमेरिकन इंग्रजी असते, त्यामुळे रक्कम ब्राउझरच्या सेटिंगनुसार छापणाऱ्या पानावर १,२५,००० ची देणगी १२५,००० अशी दिसते. ज्याच्या मशीनवर भारतीय सेटिंग लावलेली, त्याच्याकडे पास, पाइपलाइनवर नापास. समांतर चालणाऱ्या दोन टेस्ट एकाच खोलीसाठी भांडत असतील, तर प्रत्येक टेस्टने स्वतःची खोली तयार करून तीच धरावी.

टेस्ट चालवणारं मशीन ऑफिसातच असेल, तर पावसाळ्याचा हिशेब धरा. आपल्याकडे जून-जुलैत वीज जाते, नेट जातं आणि पेमेंटची टेस्ट टाइमआउटने पडते. रनच्या सुरुवातीला गेटवेपर्यंत पोचता येतं का हे तपासा. पोचता येत नसेल तर रन 'चालवली नाही' असं नोंदवा, 'नापास' असं नको.

आणखी एक तपासणी सुचवतो, जिचा अस्थिरतेशी संबंध नाही पण पेमेंटच्या रनमध्ये ती हवीच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याने ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवायचा नाही, टोकन (त्या क्रमांकाच्या जागी दिलेला सांकेतिक आकडा) वापरायचं. रन संपल्यावर सगळे लॉग (सॉफ्टवेअरने केलेल्या नोंदी) चाळा आणि लून पद्धतीच्या, म्हणजे कार्ड क्रमांकाचे अंक हिशेबात बसतात का बघणाऱ्या, तपासणीत उतरणारे सोळा अंकी आकडे शोधा. सरासरी दहातला एक भलताच आकडाही त्यात उतरतो, तेव्हा सापडलेलं डोळ्यांनी बघा.

'प्रलंबित' ही तिसरी स्थिती

बऱ्याच टेस्टमध्ये पेमेंटच्या दोनच स्थिती लिहिलेल्या असतात, यशस्वी आणि अयशस्वी. यूपीआयमध्ये तिसरी स्थिती रोजची आहे. खात्यातून पैसे गेले, दुकानदाराकडे खात्रीची बातमी नाही. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने याची मुदत ठरवून दिली आहे: व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये पैसे कापले गेले पण खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत जायला हवी, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे प्रलंबित पेमेंट काही सेकंदांचं नसतं, ते काही दिवस तसंच राहू शकतं, आणि सॉफ्टवेअरने तेवढे दिवस नीट वागायला हवं.

म्हणून टेस्टमध्ये हेही तपासा, की स्थिती प्रलंबित असताना पडद्यावर 'पेमेंट फसलं, पुन्हा प्रयत्न करा' असं येत नाही. या एका वाक्यामुळे माणसं दोनदा पैसे भरतात. तिथे ऑर्डर क्रमांक, 'बँकेकडून खात्री यायची आहे' एवढा मजकूर आणि कचेरीचा फोन असावा. कारकुनाच्या पडद्यावरही तीच स्थिती, त्याच शब्दांत. दोघांना वेगवेगळं दिसलं की फोनवर वाद सुरू होतो.

राहिला ताळमेळ. खऱ्या साइटवर रोज सकाळी एक जॉब गेटवेची यशस्वी पेमेंटची यादी घेतो आणि आपल्या पावत्यांशी एकेक जुळवून बघतो. हाच जॉब रात्रीच्या टेस्टनंतर टेस्ट मोडच्या खात्यावरही चालवा, फक्त त्या रनच्या आयडीपुरता. पावती नसलेलं एखादं पेमेंट किंवा पेमेंट नसलेली एखादी पावती त्यात निघाली, तर एकूण एक टेस्ट पास झाली असली तरी आम्ही ती रन नापास धरतो आणि त्या ऑर्डरचे लॉग उघडून बसतो.